सहा फुटी ससा

टेक्ससमधला एक सहा फूट उंच, सत्तरी ओलांडलेला, कमरेला सुरी लावलेला गृहस्थ भल्या पहाटे झुडपात बसतो आणि टाहो फोडतो. टाहोही स्वतःचा नाही, सशाचा. लोक त्याला वेडा म्हणत नाहीत, याला कारण एकच. त्याच्या मांडीवर रायफल आडवी ठेवलेली असते.

या उद्योगाला तिकडे 'प्रेडेटर कॉलिंग' म्हणतात. शिकारी जनावराच्या मागे रानोमाळ वणवण करायची नाही. आपण एका जागी बूड टेकायचं, त्याच्या जेवणाचा आवाज काढायचा, आणि जेवायला म्हणून तो आला की त्याला गोळी घालायची. 'अतिथी देवो भव' ऐकत वाढलेल्या माणसाला आमंत्रणाचा हा प्रकार पचायला जरा वेळ लागतो.

वेळ मात्र माझ्याकडे पुष्कळ होता, कारण मी लेकीकडे गेलो होतो. अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या बापाजवळ वेळेशिवाय दुसरं काही नसतं. गाडी चालवायची नाही, पायी जाण्यासारखं जवळपास काही नाही, आणि नातवाला आजोबांशी जेवढं बोलायचं असतं तेवढं पहिल्या आठवड्यात बोलून होतं. ऑस्टिनच्या उत्तरेला, शहर संपून ओक आणि सीडरच्या टेकड्या सुरू होतात तिथे जावयाचं घर. रात्री अकरा वाजले की मागच्या टेकडीवर कायोटींचं भजन लागायचं. कायोटी म्हणजे अंगाने कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा किरकोळ, आणि अकलेने दोघांनाही बाजारात विकून येईल असं जनावर. पहिल्या रात्री बायकोने कान देऊन 'वीस तरी असतील' असा निकाल दिला. जावई म्हणाला, "आई, दोन असतील. फार तर तीन." आणि ते खरं आहे. कायोटी एका दमात इतके सूर बदलतो, आणि टेकड्यांवर आपटून तो आवाज असा फुटतो, की दोघांचं रडगाणं ऐकणाऱ्याला आख्खी टोळी वाटते. तेव्हा आवाजाने फसवायला सुरुवात कोणी केली, याबद्दल माणसाला एकट्याला दोष देता येणार नाही.

शेजारी राहणारे आजोबा या विद्येतले जाणकार निघाले. त्यांच्या भावाचं पश्चिमेला शेळ्यांचं रँच. एडवर्ड्स पठाराच्या त्या टापूत शेळ्यामेंढ्या फार, आणि करडं झाली की कायोटी हजर. म्हणून आजोबा अधूनमधून पहाटेचे भावाच्या रानात जातात आणि रडून येतात.

रडण्याचा रियाज गराजमध्ये चालायचा. त्यांनी मला त्यांची वाद्यं दाखवली. बोटाएवढी लाकडी नळी, आत एक पातळ पट्टी. पट्टी आत बंद असलेली नळी फुंकली की कोणालाही ससा काढता येतो, पण एकच ससा. उघड्या पट्टीवर ओठ दाबून फुंकायची नळी अवघड; ती एकदा वश झाली की तिच्यातून ससा, हरणाचं पाडस, कायोटीचं पिल्लू आणि खुद्द कायोटी, सगळे निघतात. आणि काहीच जवळ नसलं तर हाताच्या पाठीला ओठ लावून हवा आत ओढायची, की उंदीर चिरकतो. सत्तरी ओलांडलेला माणूस डोळे मिटून स्वतःच्या हाताचे मुके घेतोय, हे दृश्य मला पूर्वकल्पनेशिवाय बघायला मिळालं.

"आधी जोरात," आजोबा समजावत होते. "मग धाप लागल्यासारखं. मग आवाज उतरवत न्यायचा. जीव चाललाय असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे. पण पूर्ण मरायचं नाही. मेलेला ससा ओरडत नाही."

मग त्यांनी करून दाखवलं. मी संगीत नाटकं पाहिलेला माणूस आहे, रंगमंचावर चार-चार अंतरे गात प्राण सोडणारे नट मी पाहिलेत, पण इतकं मन लावून मरणारं कोणी पाहिलं नव्हतं. घरी आलो तर बायको काळजीत. "त्यांच्याकडे कोणाला बरं नाही का? ओव्याची पुरचुंडी नेऊन देऊ?"

तरुण मंडळी आता असा घसा सुकवत बसत नाहीत. डब्याएवढा एक स्पीकर मिळतो, त्याच्याबरोबर रिमोट, आणि पोटात शेकडो आवाज. आजोबांकडे तोही होता, पण तो वापरताना त्यांचा चेहरा पेटीवाल्याऐवजी कॅसेटवर गायला लागलेल्या बुवांसारखा होई. मी ती यादी एका दुपारी सावकाश वाचली. छोटा ससा, संकटात. मोठा ससा, संकटात. हरणाचं पाडस, संकटात. करडू, कोंबडी, मांजराचं पिल्लू, सुतारपक्षी, सगळे संकटात. दोन रॅकून, भांडताना. कोणीतरी कधीतरी माइक घेऊन या सगळ्यांपर्यंत गेलं असणार. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या सुतारपक्ष्याचं नेमकं काय चाललं होतं, हे मी विचारलं नाही.

या धंद्याची पंढरी आमच्यापासून मोटारीने तासाभरावर होती. मार्बल फॉल्स नावाचं लहानसं गाव. मरी आणि विन्स्टन बर्नहॅम या तिथल्या भावांनी 1950 च्या दशकात हे रडणं टपालाने विकायला काढलं आणि देशभरच्या शिकाऱ्यांच्या खिशात नळ्या पोहोचवल्या. त्यानंतर वेको गावच्या जॉनी स्टुअर्टने 1960 च्या दशकात प्राण्यांच्या आवाजांच्या ग्रामोफोन तबकड्या काढल्या, पुढे कॅसेट आल्या. म्हणजे ज्या काळात आपल्याकडे लोक रेडिओपाशी बिनाका गीतमालेची वाट बघत होते, त्या काळात टेक्ससमधले काही लोक माळावर तबकडी लावून सशाचा आक्रोश ऐकत कोणाची तरी वाट बघत होते.

स्पीकर आपल्यापासून तीस-चाळीस पावलांवर ठेवायचा, हा यातला कळीचा मुद्दा. येणाऱ्याची नजर आवाजाकडे जाते. ती तिकडेच राहावी आणि झुडपातल्या सहा फुटी सशाकडे वळू नये. पण आवाज आहे आणि ससा दिसत नाही, हे कायोटीला खटकतं. म्हणून स्पीकरशेजारी डिकॉय, म्हणजे फसवं सावज. मला वाटलं होतं, हुबेहूब ससा असेल, काचेचे डोळे, मिशा वगैरे. प्रत्यक्षात निघाली ती जमिनीत खोचायची एक खुंटी, तिच्यावर बॅटरीची मोटर, मोटरला एक लवचीक तार आणि तारेच्या टोकाला केसाळ शेपटीचा झुबका. चालू केलं की झुबका गवतात वेड्यासारखा उड्या मारतो. ससा नाही, खार नाही, कोणीच नाही. "चालतं?" मी विचारलं. आजोबा म्हणाले, "दोऱ्याला टर्कीचं पीस बांधून झाडाला लटकवलं तरी चालतं. त्याला काय आहे ते कळायला नको असतं, काहीतरी तडफडतंय एवढंच पाहिजे असतं." बातम्यांच्या वाहिन्या चालवणाऱ्यांना हे कोणी शिकवलं, ते माहीत नाही.

आवाज कोणता लावायचा, हे मात्र पंचांग बघून ठरतं. जानेवारी-फेब्रुवारीत कायोटींचे लग्नाचे दिवस. तेव्हा मादीची साद लावायची. उन्हाळ्यात बिळात पिल्लं असतात. तेव्हा पिल्लाचं केकाटणं लावलं की आईबाप दोघेही धावत येतात. पिल्लं मोठी होऊन स्वतःचं पोट भरायला निघाली, की त्या नवशिक्यांसाठी ससा उत्तम. आणि एरवी कधीही, परक्या नराची आव्हान देणारी आरोळी. हद्दीत कोण घुसला ते बघायला घरधनी येतोच. भूक, प्रेम, पोरं आणि बांधावरून भांडण. आमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा याच चार आवाजांवर टीव्ही चालतो, आणि बायको आणि तिची बहीण रोज न चुकता येऊन बसतात.

जूनमधल्या एका पहाटे आजोबा मला रानात घेऊन गेले. रायफल अर्थातच त्यांची; माझ्याकडे पाण्याची बाटली. निघताना त्यांनी नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "जाकिटाला कशाचा वास येतोय?" हिंगाचा. जाकीट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं असायचं. आजोबांनी हिंगाला नावं ठेवली नाहीत, उलट सांबाराची चौकशी केली, पण तेव्हापासून मला वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवलं. कायोटी समोरून सरळ येत नाही. तो अर्धा फेरा मारतो, वाऱ्याखाली जातो आणि आधी नाकाने खात्री करून घेतो. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं त्याला पुरत नाही. वास आल्याशिवाय तो कशावरही सही करत नाही. शिकारी यावर किती पैसा घालवतात! गंधहीन साबण, गंधहीन कपडे धुण्याची पावडर, अंगावर मारायचे फवारे. आणि माझ्या जाकिटात इचलकरंजीच्या मावशींनी डबीत भरून दिलेला बांधानी हिंग.

आजोबांनी पाडसाचा आवाज लावला. जूनमध्ये हरणांची पाडसं लहान असतात, म्हणून. पाच मिनिटांत पहिली आली ती हरणी. कायोटीच्या जेवणाची हाक ही हरणीसाठी लेकराची हाक असते, हे ओघाने आलंच. ती स्पीकरपासून दहा हातांवर थांबली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, झुबक्याकडे बघितलं, पुन्हा पाय आपटला. मग कुंपणापलीकडच्या गाई आल्या. एकेक करत रांगेत उभ्या राहिल्या आणि तारेवरून माना काढून बघत बसल्या. वरून दोन गिधाडं घिरट्या घालायला लागली. एवढी गर्दी जमली, पण जिच्यासाठी सभा भरवली ती मंडळी दिसेनात.

आणि मग माझ्या मागच्या बाजूने, वाऱ्याखालून, कायोटी आला. पिवळट करडा, कान उभे, हिवाळ्याचे केस गळून अंगाने फाटका. त्याने हरणीकडे पाहिलं, गाईंकडे पाहिलं, नाचणाऱ्या झुबक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत भीती नव्हती. सरकारी कचेरीत चुकीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाकडे कारकून बघतो तेवढंच काय ते होतं. वळला आणि आला तसा दुडक्या चालीने निघून गेला. आजोबांनी रायफल फिरवेपर्यंत तो ओकांत शिरला होता.

"शिकलेला आहे," आजोबा म्हणाले.

हा तिथला रूढ शब्दप्रयोग आहे. एकदा फसता फसता वाचलेला कायोटी शिकलेला ठरतो. तो पुन्हा त्या आवाजाला येत नाही. प्रत्येक हुकलेली गोळी म्हणजे एक वर्ग पास. मग शिकारी नवा आवाज विकत आणतात, कायोटी तोही शिकतो, कंपन्या आणखी नवे आवाज काढतात. जावयाला हे सांगितलं तेव्हा तो नातवाच्या कॉलेजसाठी दरमहा किती बाजूला टाकावे लागतात याचा हिशोब करत बसला होता. "या देशात एवढं शिक्षण फुकट मिळतंय कुणाला?" एवढंच म्हणाला.

आणखी एक प्रकार आजोबांनी परतताना गाडीत सांगितला. तरुणपणी ते एका माळावर सशाचं रडणं काढत बसले होते. थोड्या वेळाने दूरवरून दुसरा ससा रडायला लागला. आजोबांना हुरूप आला, ते आणखी तळमळून रडले. तोही रडला. अर्धा तास दोन ससे एकमेकांकडे सरकत होते. शेवटी एका बांधाआडून टोपी दिसली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, टोप्या उंचावल्या, आणि दोघे दोन दिशांना निघून गेले. "एक शब्द बोललो नाही," आजोबा म्हणाले. बोलण्यासारखं उरलंच काय होतं? म्हणूनच तिकडे जाणते लोक बजावतात, की आवाजाच्या दिशेने जाताना आपण माणूस आहोत हे आधी मोठ्याने सांगावं. विनोद वाटतो, पण अशा जागी गोळ्या सुटल्या आहेत.

या सगळ्या खटाटोपाचा कायोटीवर परिणाम काय? टेक्ससात त्याच्या शिकारीला ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. हौशी शिकारी मारतात ते वेगळे. एकटं केंद्र सरकारचं वन्यजीव खातं गेल्या काही वर्षांत दरसाल साठ हजारांच्या आसपास कायोटी मारत आलंय. आणि कायोटी, जो एके काळी पश्चिमेच्या माळरानांचा रहिवासी होता, तो आता हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात पोहोचलाय. शिकागोत तो रस्ता ओलांडतो, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात फिरायला येतो. कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये बक्षिसं लावून कायोटी मारण्याच्या स्पर्धांवर बंदी घातली, मग आणखी काही राज्यांनी घातली. जिंकत कोण होतं, हे स्पर्धा भरवणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

आपल्याकडे या कलेचा सर्वांत मोठा प्रयोग 30 नोव्हेंबर 1938 च्या संध्याकाळी कुमाऊंमधल्या ठाक गावाजवळ झाला. ना स्पीकर, ना झुबका, ना रिमोट. जिम कॉर्बेट तेव्हा 63 वर्षांचे. नोव्हेंबर संपला की नरभक्षकांचा पाठलाग बंद, असं त्यांनी ठरवून टाकलेलं, आणि महिन्याचा हा शेवटचा दिवस. ठाकची नरभक्षक वाघीण जोडीदार शोधत हाका घालत होती. कॉर्बेट एका खडकाच्या कंगोऱ्यावर कसेबसे बसले आणि नर वाघाच्या आवाजात तिला ओ दिली. तिने उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा. असं करत ती अगदी समोर आली आणि उजेड जाता जाता त्यांनी गोळी घातली; रायफलच्या धक्क्याने स्वतः खाली बसलेल्या गावकऱ्यांच्या अंगावर कोसळले. त्या वाघिणीने माणसं मारली होती, तेव्हा तिची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण वाघाच्या प्रेमाची हाक इतकी बिनचूक काढणारे हे गृहस्थ जन्मभर अविवाहित होते, हेही नोंदीत असावं.

त्यानंतर आपण आवाजावरून वासावर आलो. 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-1, म्हणजे अवनी वाघीण, काही केल्या सापडेना, तेव्हा तिच्यासाठी कॅल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन फॉर मेन' हे अत्तर वापरल्याच्या बातम्या जगभर गेल्या. हे कोणा साहेबाच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात पूर्वी चित्त्यांपुढे दोन डझन अत्तरं ठेवून पाहिली होती आणि चित्ते याच बाटलीशी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले होते. जवादी मांजराच्या गंधासारखा काहीतरी अंश त्यात असतो. तरीही माझं मन त्या मागणीपत्रापाशी घुटमळतं. 'अत्तर, परदेशी, पुरुषांसाठी, वाघिणीकरिता.' हे कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकलं असेल? लेखापरीक्षकाने शेरा काय मारला असेल? 2 नोव्हेंबरच्या रात्री वाघीण गोळीने मेली आणि त्यावरून जो गदारोळ उठला, त्यात बाटलीचा हिशोब विचारायला कोणाला सवड झाली नाही.

सुंदरबनात उलटा प्रयोग झाला. तिथला वाघ पाठीमागून येतो, म्हणून 1980 च्या दशकात मध आणि लाकूड आणायला जाणाऱ्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधले. काही काळ वाघ चकले. मग, टेक्ससच्या भाषेत, तेही शिकले.

आणि आपल्या जुन्नरला शेळी. उसाच्या फडात बिबट्याचा वावर वाढला, कोणाच्या घरावर आभाळ कोसळलं, की वनखात्याचा पिंजरा येतो. त्याच्या मागच्या कप्प्यात जाळीआड शेळी. मला हे यंत्र टेक्ससच्या यंत्रापेक्षा पुढारलेलं वाटतं. आवाज, हालचाल आणि वास, तिन्ही एकाच देहात. बॅटरी लागत नाही, पाला लागतो. अडचण त्या पाल्यातच आहे. माझ्या मामेभावाच्या बांधाला पिंजरा लागला, तेव्हा आसपासच्या आयाबायांना शेळीची दया येऊन कोणी सुबाभूळ, कोणी घास, कोणी भाकरीचा तुकडा आणून द्यायला लागलं. भुकेली आणि एकटी शेळी रात्रभर ओरडते, हा त्या पिंजऱ्याचा पाया. ही शेळी संध्याकाळी पोटभर खाऊन रवंथ करत बसायची आणि रात्री चकार शब्द काढायची नाही. बिबट्या पिंजऱ्याला वळसा घालून पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं घेऊन गेला.

मी भावाला टेक्ससच्या यंत्राची सगळी हकिकत सांगितली. शेकडो आवाज, रिमोट, करडू संकटात, सगळं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा बंदुकीचं सोड, पण खात्याच्या माणसांना सुचवून बघ, नुसता आवाज पिंजऱ्यात लावता येईल, म्हटलं. त्याने बिडी विझवली, सगळं नीट ऐकून घेतलं.

"दादा, यायचं त्याला सांगावं लागत नाही हो," तो म्हणाला. "तो न बोलवताच येतो. त्या डब्यात 'जा' म्हणायचा काही आवाज असंल तर बघा."